समज देऊन सोडलं, मग पुढे?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहिते आहे. वेळ असेल तर चहा घेऊन बसा, नसेल तर पुढे सरका, राग नाही.

आपल्या नागपुरात घरातल्या मारहाणीसाठी पोलिसांत जायचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी मामा येणार, मग मेव्हणा, मग समाजाची बैठक, मग ओळखीचा एखादा नगरसेवक. बाईच्या अंगावरचे वळ काळेनिळ्याचे पिवळे पडले की मग ठाणं. तोवर मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत जाऊन एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद, करावी असं काही उरलेलंच नसतं. "काहून जाते माय ठाण्यात, पोरीचं लग्न जमवायचं हाय ना उद्या?" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की ते आता मला पाठ झालंय.

जावं की न जावं हा माझ्यासाठी प्रश्नच नाही. जावं. मला बोलायचंय ते तिथून परत आल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

२०१७ च्या सुरुवातीला सुभाषनगरात पोलिसांचा भरोसा सेल सुरू झाला, तेव्हा त्यामागचा विचार मला फार पटला होता. त्याआधी बाईनं काय करायचं? ठाण्यात तक्रार, दवाखान्यात तपासणी, कोर्टाच्या आवारात वकिलाचा शोध, घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातले संरक्षण अधिकारी कुठं बसतात ते विचारत आणखी एका कार्यालयात. कडेवर लेकरू, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद आणि प्रत्येक टेबलावर तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून. समुपदेशक, कायद्याचा सल्ला, पोलीस असं सगळं एका छताखाली आणायचं, हे ज्यांना सुचलं त्यांना माझा नमस्कार आहे. नंतर राज्यात इतर शहरांतही भरोसा सेल निघाले.

पण यंत्रणा कुठलीही असो, कामगिरी सांगायची वेळ आली की आकडा कोणता पुढे येतो? किती जोडप्यांचा समेट झाला हा. इतके संसार पुन्हा जुळले म्हणे. अहो, जुळले म्हणजे काय? सह्या झाल्या, पेढा भरवला, फोटो निघाला, दोघं एका गाडीवर बसून घरी गेले, इथवरचं सगळ्यांना दिसतं. त्या रात्री काय झालं, महिन्याभरानं काय झालं, ते त्या आकड्यात कुठं बसतं?

आमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या ताईंचं सांगते. नाव सांगणार नाही, ठाण्याचंही नाही. नवरा पिऊन मारायचा. एकदा भिंतीवर डोकं आपटलं आणि मोबाइल जमिनीवर आपटून फोडला. मी सोबत गेले. ठाणे अंमलदार उद्धट वगैरे अजिबात नव्हते, पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "नवरा-बायकोचं भांडण हाय ताई, एनसी करून घेतो, त्याले बोलावून समज देतो." (एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद.) आणि खरंच बोलावलं. तो आला, मान खाली, "पुन्हा नाही करणार साहेब." लेखी दिलं. सोडलं.

पुढे काय झालं ते बघायला ताई आणि मी पुन्हा गेलो, कारण मार काही थांबला नव्हता. नोंद काढून बघितली तर शेवटी एक ओळ: फोनवर संपर्क केला, आता त्रास नसल्याचे सांगितले. ताई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्याकडे फोनच नव्हता! अर्जावरच्या रकान्यात, वर, निळ्या शाईत, जो नंबर होता तो नवऱ्याचा. त्यांचा फुटला म्हणून कुणीतरी घरातला दुसरा नंबर लिहून घेतला होता. विचारपूस झाली, अगदी नियमानं झाली, फक्त ज्यानं मारलं त्यालाच विचारलं की बाबा, सगळं ठीक आहे ना.

इथं कुणी दुष्ट नव्हतं. त्या हवालदाराच्या टेबलावर बंदोबस्ताचे कागद, पासपोर्टची पडताळणी, चोरीला गेलेल्या गाड्या, सगळं एकावर एक रचलेलं. त्यानं फोन केला हेच पुष्कळ, असंही कुणी म्हणेल. मी नाही म्हणणार. एक रकाना नीट भरला असता, शेजारणीचा किंवा बहिणीचा नंबर घेतला असता, तर चित्र वेगळं असतं. याला ना जादा निधी लागतो ना नवी इमारत.

घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा तर याहून बरंच काही सांगतो. कलम ५ प्रमाणे तक्रार कानावर आली की बाईला तिचे हक्क सांगणं हे पोलिसाचं कर्तव्यच आहे: संरक्षण अधिकारी आहेत, मोफत कायदेशीर मदत आहे, न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मोफत वकिलाला बाईच्या उत्पन्नाची अटसुद्धा नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. अर्ज गेल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकाल व्हावा, असं कायदा म्हणतो. (तारखा प्रत्यक्षात कशा पडतात ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना विचारा.) घर नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असलं तरी त्यात राहण्याचा हक्क आहे. आणि संरक्षणाचा आदेश मोडला तर तो स्वतंत्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ताईंना यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. समज मात्र दिली होती, नवऱ्याला.

समुपदेशनाच्या मी विरोधात नाही, हे आधीच सांगते, नाहीतर खाली कमेंटमध्ये "संसार मोडायला निघाल्या" सुरू होईल. सासूसुनेचं स्वयंपाकघरावरून, पगार कुणाच्या हातात द्यायचा यावरून, पोराच्या ट्यूशनवरून जे पेटतं, ते चांगला समुपदेशक दोन बैठकीत विझवतो. ते मी पाहिलंय. पण हात उचलणाऱ्याला आणि मार खाणारीला समोरासमोर बसवून "दोघांनीही थोडं पडतं घ्या" म्हणणं, ही कसली मध्यस्थी? घेणारी एकच असते ना तिथं.

पोलिसांवर विश्वास ठेवा म्हणताना या शहराला १३ ऑगस्ट २००४ विसरता येत नाही. कस्तुरबानगरातल्या बायकांच्या जमावानं त्यांच्या वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयात, भर दिवसा ठार केलं. मी त्याचं कौतुक करणार नाही, तो न्याय नव्हता. पण वर्षानुवर्षं तक्रार करून कुणी परत विचारायला येत नाही, तेव्हा लोक कुठवर जातात, हे बघायला नागपूरकराला दुसरं गाव शोधावं लागत नाही.

आता ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरबद्दल, कारण यात आपल्या लोकांचा घोळ होतो. हा फोन आपल्या ठाण्यात वाजत नाही. राज्याची त्याची केंद्रं आहेत, मुख्य नवी मुंबईला आणि दुसरं आपल्याकडे. म्हणजे उचलणाऱ्याला तुमचा "एनआयटी गार्डनच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ" समजेलच असं नाही. शहर आधी सांगा, मग वस्ती, मग चौक, मग घर. घाबरल्यावर हे सुचत नाही, म्हणून पोरांकडून एकदा तोंडपाठ करून घ्या. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ऑनलाइन पैसे गेले तर १९३०, आणि तो तर पहिल्या तासातच लावा. हद्द कुणाची यावरून कुणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती तरतूद स्पष्ट लिहिली आहे, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

याच "परत विचारायला येण्या"ची दुसरी जागा म्हणजे आपली म्हातारी माणसं. लक्ष्मीनगर, धरमपेठ, बजाजनगर, कुठल्याही गल्लीत जा. मोठाले बंगले, आत दोन जीव, पोरं पुण्याला नाहीतर बंगळूरला. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्याखाली जे नियम झाले त्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी प्रत्येक ठाण्यानं ठेवावी आणि महिन्यातून निदान एकदा कुणी तरी घरी जाऊन यावं, असं आहे. पोरं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे पोटगी मागता येते, महिना दहा हजारांपर्यंत. पोटगीचं बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतं. यादीचं कुणालाच नसतं, आणि मागायला गेलो तर "अशी कोणती यादी" असा प्रश्न उलट आपल्यालाच.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचं नाव मी पाठपुरावा करून त्या यादीत घालून घेतलं. सुरुवातीला चिडले, "मी काय गुन्हेगार आहे का, पोलीस दारात येऊन राहिले!" आमच्या भागाचा बीटचा पोलीस पोरगा येतो अधूनमधून, वहीवर सही घेतो, गॅस बघतो, नवा भाडेकरू कोण ते विचारतो. मागच्या वेळी त्यानं काकांच्या फोनमधला एक "केवायसी अपडेट करा" वाला मेसेज डिलीट करायला लावला. काका आता तक्रार करतात ती वेगळीच: या महिन्यात आला नाही अजून, फोन करून विचार ना जरा.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही कार्यक्रमात समेटाचा आकडा वाचून दाखवला, तर मागच्या रांगेतून एकच विचारा. सहा महिन्यांनी यातल्या किती बायकांना, त्यांच्या स्वतःच्या नंबरवर, नवरा घरात नसताना फोन गेला?

ताई सध्या बहिणीकडे आहेत. अर्ज कोर्टात आहे, वकील मोफत मिळाला. अर्जावरचा नंबर बहिणीचा.