डावीकडून मोकळं?

आज सकाळी दादर टीटीला पुलाखालून रस्ता ओलांडत असताना एक रुग्णवाहिका सायरन वाजवत, सिग्नल लाल असूनही वेग जराही कमी न करता चौकातून निघून गेली आणि तिला चुकवण्याच्या धडपडीत फुलांची पाटी घेतलेली एक वयस्क बाई दुभाजकावर आपटली. तिचे कोपर सोलवटले, शेवंती रस्ताभर सांडली. मला खरी चीड आली ती त्यानंतर. जमलेल्यांपैकी तिघेचौघे तिलाच सुनावू लागले, "मावशी, एवढा सायरन ऐकू आला नाही का?"

ऐकू आला होता, मलाही आला होता. पण पुलाखाली तो आवाज खांबांवर आदळून असा घुमतो की तो परळकडून येतो आहे की माटुंग्याकडून, हे गाडी अंगावर येईपर्यंत कळत नाही. काचा बंद करून, एसी आणि गाणी लावून बसलेल्या मोटारवाल्याला तर तो त्याहूनही उशिरा ऐकू येतो. तरीही आपण सगळे धरून चालतो की सायरन वाजला म्हणजे सर्वांना कळले आणि चौक रिकामा झाला.

जुलै २०१९ मधल्या एका रात्री माझ्या आईला भांडुपहून परळच्या रुग्णालयात नेताना मी चालकाशेजारी बसले होते. हायवे मोकळा होता, म्हणून त्यांनी दिवे चालू ठेवून सायरन बराच वेळ बंदच ठेवला होता. सायनपासून पुढे प्रत्येक चौकाच्या आधी ते सायरनचा लांब ओढलेला सूर बदलून तुटक, घाईचा सूर लावायचे, गाडी जवळजवळ थांबवायचे आणि मागे बसलेल्या मदतनिसाला विचारायचे, "डावीकडून मोकळं?" "मोकळं," असे उत्तर आले की मगच गाडी पुढे जायची. रात्री दोन वाजता, रिकाम्या रस्त्यावर! मी त्यांच्यावर ओरडले. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. ते एवढेच म्हणाले, "ताई, मागं तुमच्या आई आहेत. मला त्यांना पोचवायचंय."

कायद्याचेही म्हणणे याहून वेगळे नाही. वाहनचालनाचे २०१७ चे विनियम रुग्णवाहिकेला आणि अग्निशमनाच्या बंबाला लाल सिग्नल ओलांडण्याची मुभा देतात, पण ती जीव वाचवण्यासारखी निकड असेल तेव्हा, सायरन आणि दिवे चालू ठेवून आणि पुरेशी काळजी घेऊन. या शेवटच्या अटीकडे कुणी पाहतच नाही. आडव्या रस्त्यावरच्या माणसाला हिरवा दिवा दिसत असतो आणि तो निर्धास्तपणे निघालेला असतो. त्यातच दोन बाजूंनी बंब आणि रुग्णवाहिका एकाच चौकात आल्या, तर आपापल्या सायरनच्या गोंगाटात त्या चालकांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही. मागच्या भागात मदतनीस पट्टा न लावता, वाकून रुग्णाची छाती दाबत असतो. करकचून ब्रेक लागला की त्याचे काय होत असेल, याचा विचार तरी आपण करतो का?

लोक वाट देत नाहीत, हे मला मान्य आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ई आणून त्यासाठी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली, तरीही देत नाहीत. पण त्यांचा कान या आवाजाला निर्ढावला कशामुळे? १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, तरी लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखे हूटर वाजवत फिरणारी खासगी वाहने आपण रोज पाहतो आणि मुकाट बाजूला होतो. रुग्णवाहिकेच्या मागे चिकटून स्वतःची वाट काढणारे तर मला माणूस म्हणून घेण्याच्या लायकीचे वाटत नाहीत. दुसऱ्याच्या मरणाच्या आडून पाच मिनिटे वाचवायची!

हे लिहिताना मात्र आज सकाळच्या त्या चालकाविषयीचा माझा राग ओसरत चालला आहे. त्याच्या शेजारीही कदाचित माझ्यासारखेच कुणी बसलेले असेल, "दामटा, दामटा" म्हणून ओरडत असेल. प्रत्येक फेरीला अशा माणसाचे ऐकून घ्यायचे आणि तरीही चौकात पाय ब्रेकवर ठेवायचा, हे शिकवावे लागते. ते त्याला कुणी शिकवले होते की केवळ गाडी चालवता येते म्हणून चाके हाती दिली होती, हे त्याच्या मालकांना विचारायला हवे.

आई वाचली. आज ती माझ्याशेजारी बसून मटार सोलते आहे. त्या प्रवासातले तिला फारसे आठवत नाही. कुणीतरी सारखे "मोकळं, मोकळं" म्हणत होते, एवढेच ती सांगते.

त्या रात्री तिला आत नेल्यावर मी कागदपत्रांसाठी बाहेर आले, तेव्हा चालक स्ट्रेचर पुसून परत निघाले होते. मी त्यांची माफी मागितली नाही, नावही विचारले नाही. रुग्णालयासमोरच्या सिग्नलला ती रिकामी रुग्णवाहिका दिवे आणि सायरन बंद करून उभी होती. रस्त्यावर दुसरे एकही वाहन नव्हते आणि ते हिरव्या दिव्याची वाट पाहत होते.