‘स्टॅनफोर्डने निवडलेले’ रसायनशास्त्रज्ञ

सप्टेंबर आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. नाव बदलतं, साचा तोच : ‘अभिमानास्पद! आपल्या महाविद्यालयातील सेंद्रिय रसायनशास्त्राच्या सरांची अमेरिकेतील स्टॅनफोर्ड विद्यापीठाने जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत निवड केली. शेकडो शोधनिबंध, हजारो सायटेशन्स! नोबेलवाल्यांच्या पंक्तीत आपला माणूस!’ खाली शाल-श्रीफळाचे फोटो. सरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मजकुराबद्दल आहे.

‘निवड केली.’ कुणी केली? अर्ज नाही, समिती नाही. स्टॅनफोर्डचे प्राध्यापक जॉन योआनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस माहितीसाठ्यावरून गणित मांडतात आणि एक्सेल फायली जाहीर करतात. विद्यापीठाचा पुरस्कार वगैरे काही नाही. फायली दोन प्रकारच्या असतात : एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षातल्या सायटेशन्सची, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेल्या दाखल्यांची. प्रत्येकीत दोन लाखांहून अधिक नावं. सर नेमके कुठल्या फायलीत आहेत, हे फॉरवर्डमध्ये कधीच लिहिलेलं नसतं, आणि फरक तर मोठा आहे.

‘शेकडो शोधनिबंध.’ याच योआनिडिस यांनी २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये एका वर्षात ७२हून जास्त निबंध प्रसिद्ध करणाऱ्यांचा हिशेब मांडला होता. म्हणजे दर पाच दिवसांना एक! सेंद्रिय रसायनात संख्या फुगवणं किती सोपं आहे, हे प्रयोगशाळेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. बिजिनेली अभिक्रिया एकोणिसाव्या शतकातली. अल्डिहाइड, युरिया आणि ॲसिटोॲसिटेट एकत्र तापवायचे. त्यात उत्प्रेरक बदलला की नवा निबंध. लिंबाचा रससुद्धा घालून झालाय. मग वीस अल्डिहाइडांचा तक्ता, उतारा (हाती आलेल्या पदार्थाचं प्रमाण) ८५ ते ९५ टक्के, की पाठव जर्नलला. आमटी तीच, फोडणी वेगळी. सगळेच असं करतात असं नाही, पण नुसत्या आकड्यावरून कोण करतो आणि कोण नाही हे ओळखता येत नाही.

‘हजारो सायटेशन्स, म्हणजे काम मोठं.’ खरी गोम इथे आहे. समजा, तुमच्या संयुगाचा छान स्फटिक मिळाला. क्ष-किरणांनी त्याची रचना काढली, गणित शेलएक्स या प्रोग्रॅमने केलं, की निबंधाच्या शेवटी तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या जॉर्ज शेल्ड्रिक यांचा २००८चा लेख आपोआप टाकला जातो. या एका लेखाने ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे तिथल्या लेखांना मिळणाऱ्या दाखल्यांची सरासरी, दोनच्या आसपासवरून थेट पन्नासाजवळ नेला. प्रोग्रॅम उत्तमच आहे. पण सायटेशनचा अर्थ इथे ‘हे साधन वापरलं’ एवढाच.

उलट बाजूही बघा. एम.एस्सी.ला बेकर-वेंकटरामन पुनर्रचना लिहिली असेल : ऑक्सिजनवरचा ॲसिल गट आम्लारीच्या साहाय्याने कार्बनवर सरकतो, डायकीटोन मिळतो, आम्लात त्याचं वलय बंद केलं की फ्लेव्होन हे संयुग तयार. के. वेंकटरामन यांचं हे काम १९३३-३४चं. पुढे ते मुंबईच्या यूडीसीटीचे (मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग) संचालक झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पहिले भारतीय संचालक. आज ही अभिक्रिया वापरणारे नुसतं नाव लिहून पुढे जातात, मूळ निबंधाचा दाखला द्यायची कुणाला गरज वाटत नाही. काम इतकं मुरलं की मोजदादीतून बाहेर पडलं.

उद्योगातल्या कामाची तर आणखी पंचाईत. एनसीएलमध्ये घडलेले ए. व्ही. रामाराव यांनी हैदराबादच्या आयआयसीटीत (भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था) एचआयव्हीवरच्या एझेडटी औषधाची प्रक्रिया बसवली आणि मुंबईच्या सिप्लाने ते औषध स्वस्तात बाजारात आणलं. गोळी घेणारा रुग्ण सायटेशन देत नाही.

‘नोबेलवाल्यांच्या पंक्तीत.’ या पंक्तीतले अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड हेक घ्या. १९६८ मध्ये, हर्क्युलस कंपनीत नोकरी करत असताना, ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’त त्यांचे लागोपाठ सात निबंध आले, सातही एकट्याच्या नावावर. पुढे डेलावेअर विद्यापीठात गेले. निधी आटला तसे १९८९ मध्ये निवृत्त झाले. नोबेल आलं २०१० साली. मधल्या काळात पॅलेडियम धातूच्या मदतीने कार्बनला कार्बन जोडणाऱ्या त्यांच्या अभिक्रियेवर जगभरात ढिगाने निबंध निघाले आणि नॅप्रोक्सेनसारखं वेदनाशामक तिने बनवता येऊ लागलं. त्या एकवीस वर्षांत निबंधांची संख्या बघून हेकना कुणी शाल घातली असती का?

तेव्हा सरांचा सत्कार जरूर करा, पण आधी विचारा : कुठली अभिक्रिया, कुठलं संयुग, दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत ते जमलं का? आणि फाइल उघडणारच असाल तर थोडं उजवीकडे सरका. २०२४पासून त्यात मागे घेतलेल्या निबंधांचेही रकाने आहेत.