फ्रीजमधला हिमालय

हिमालयातल्या हेमकुंडला जाऊन आल्यापासून मी बिघडलो, असं आमच्या घरी मानतात. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. घांगरिया हे मुक्कामाचं गावच मुळात ३,००० मीटरच्या आसपास, आणि तिथून पुढे सहा किलोमीटरची अशी चढण की खेचरंसुद्धा मधेच थांबून आयुष्याचा विचार करतात. शेवटच्या टप्प्यात, धुक्यात, खडकांच्या बेचक्यात मला ते दिसलं. फिकट पिवळसर, हिरवट झाक असलेल्या, बटर पेपरसारख्या पातळ पाकळ्या एकमेकींवर मिटलेल्या आणि आतून समई लावल्यासारख्या उजळलेल्या. वाकून फटीतून पाहिलं तर आत जांभळ्या बोंडांचा घोळका अंग चोरून बसला होता. बाहेरच्या त्या पाकळ्या खरं तर पाकळ्या नसतातच. फुलांनी पाऊस आणि गारठा बाहेर ठेवण्यासाठी पांघरलेली पानं असतात ती. वाटाड्या म्हणाला, "ब्रह्मकमल. हाथ मत लगाना, साहब."

हात लावला नाही. फोटो मात्र एकशे चौदा काढले. सगळे फुलाचे. खालच्या पानांचा एकही नाही. हे पुढे महागात पडणार होतं.

पुण्यात परतलो त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे ब्रह्मकमळ फुललं. पुण्यात ब्रह्मकमळ नुसतं फुलत नाही, त्याचं आमंत्रण येतं. सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळी निरोप आला: 'आज रात्री १७ फुलं. सर्वांनी यावे.' रात्री दहाला काकूंच्या बाल्कनीत आम्ही वीसेक माणसं कुंडीभोवती दाटीवाटीनं उभे. कुंडीला हळदकुंकू, समोर उदबत्ती, हातात मसाला दूध. एक आजोबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. पांढरीशुभ्र फुलं डोळ्यांदेखत उमलत होती, वासानं सगळा जिना भरला होता, आणि नेमकं तेव्हाच माझ्या तोंडून निघालं, "काकू, हे ब्रह्मकमळ नव्हे."

उदबत्तीसुद्धा क्षणभर थांबल्यासारखी वाटली. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण हेमकुंडची हवा डोक्यात गेलेली. "हे मेक्सिकोकडचं निवडुंग. तुम्ही ज्याला पान म्हणता ते पानही नाही, चपटं झालेलं खोड आहे. खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. उत्तराखंडाचं राज्यफूल. आणि कमळ म्हणाल, तर दोन्ही नव्हेत."

काकूंनी मेक्सिकोच्या निवडुंगाला लावलेल्या कुंकवाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. खरं आहे ते तुम्ही लावा. आम्ही येऊ बघायला. दूध घेणार का अजून?"

पुण्यात 'दूध घेणार का अजून' म्हणजे 'आता निघा'. मी निघालो. जिन्यातच बायको म्हणाली, "लावा आता."

तर लावायचं ठरलं. अडचण एवढीच की हे झाड साधारण ३,७०० मीटरच्या वर राहतं आणि आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर असला तरी पुणं ५६० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली आणि तिच्या शेंड्यावर माझी कुंडी ठेवली, तरी ब्रह्मकमळाच्या घराच्या तळमजल्याला पोचायला अजून चारशे मीटर कमी. हा हिशेब मी बायकोला कागदावर करून दाखवला. तिनं त्याच कागदावर किराणा लिहिला.

बिया ऑनलाइन मिळाल्या. 'अस्सल हिमालयन ब्रह्मकमळ, २१ बिया, २९९ रुपये.' पुडीवरचं चित्र काकूंच्या झाडाचं होतं, फक्त निळ्या रंगात. इथेच शहाण्या माणसानं थांबायचं असतं. पण शहाणा माणूस मसाला दूध पिऊन गप्प घरी आला असता.

वाचून कळलं की एवढ्या उंचावरच्या बऱ्याच बिया हिवाळाभर बर्फाखाली झोपतात. अंगात पुरेशी थंडी मुरल्याशिवाय त्या उठत नाहीत. नाहीतर ऑक्टोबरातल्या चार उबदार दिवसांना भुलून रोप वर यायचं आणि पुढच्या बर्फात मरायचं. म्हणजे आपण त्यांना फ्रीजमध्ये हिवाळा द्यायचा. ओल्या वाळूत बिया मिसळून मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरल्या, वर चिठ्ठी चिकटवली, 'ब्रह्मकमळ. हात लावू नये', आणि डबा मधल्या कप्प्यात ठेवला.

त्याच सुमारास आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. पहिल्याच दिवशी फ्रीज उघडला, चिठ्ठी वाचली आणि डब्याला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी त्या कप्प्यातली अंडी खाली गेली. तिसऱ्या दिवशी लसणाची चटणी. आठवड्याभरात मधला कप्पा सोवळ्यात गेला आणि तिथे डबा, साईचं दही आणि एकादशीचे दाणे एवढंच उरलं. उरलेला संसार दारातल्या फळ्यांवर दाटीनं उभा. मुलगी म्हणाली, "बाबा, वाळूला जागा आहे आणि माझ्या पिझ्झाला नाही?" तिला आजीनं परस्पर उत्तर दिलं.

डिसेंबरात बिया कुंडीत पेरल्या. माती नर्सरीतली, त्यात खडी. आणि मग सुरू झाला बर्फ. रोज सकाळी कुंडीच्या कडेनं आठ खडे. उन्हापासून आडोसा म्हणून एक जुनी छत्री. हिमालयातलं वारं म्हणून टेबलफॅन, तीनवर. बर्फाचा ट्रे कायम रिकामा, त्यामुळे आलेल्या पाहुण्यांना सरबत कोमटच मिळू लागलं. खरी अडचण दिवसाच्या उन्हाची नसते, रात्रीची असते. रात्र गरम असली की डोंगरावरचं रोप दिवसभराची कमाई नुसत्या श्वासोच्छ्वासात उडवून टाकतं. पगार आणि घराचे हप्ते यांचं जे नातं, तेच. म्हणून मी रात्रीही दोन खडे घालू लागलो. एकदा पहाटे तीनला उठून घातले. बायकोनं अंधारातच विचारलं, "कुणाला बरं नाही का?"

आणि जानेवारीत उगवलं!

तीन रोपं. जमिनीलगत गोल पसरलेली, मऊ लव असलेली, नाजूक कातरलेली पानं. एकशे चौदा फोटो उलगडून पाहिले. सगळीकडे फूल. पान कुठे खडकाआड, कुठे माझ्याच अंगठ्याआड. लव बघून मात्र माझा ऊर भरून आला. थंडीतल्या झाडांना लव असतेच! मी ग्रुपवर टाकलं: 'खरे ब्रह्मकमळ. रोपे तीन. पाहावयास यावे.' 'पाहावयास' मुद्दाम.

माणसं आली. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले, "पानं गाजरासारखी दिसतायत." मी त्यांना वाऱ्याच्या झोतात पान फाटू नये म्हणून निसर्ग ते आधीच कसं कातरून ठेवतो, ते समजावलं. हे मी तिथल्या तिथे रचलं होतं. काकूही आल्या. चष्मा लावला, खाली वाकून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "छान आहे हो. चांगली निगा राखा." आम्ही त्यांना मसाला दूध दिलं. त्यांनी दोन कप घेतले.

फेब्रुवारीत रोपं गुडघ्याएवढी झाली. मला शिंका सुरू झाल्या आणि मनगटावर पुरळ आलं. डॉक्टरांनी घरात काही नवीन आणलंय का विचारलं. मी म्हटलं, छे, हवा बदलतेय. मार्चच्या सुरुवातीला शेंड्यांवर बारीक पांढऱ्या कळ्या धरल्या. जांभळ्या का नाहीत, हा प्रश्न मनात आला, पण मी त्याला बसायला खुर्ची दिली नाही.

कामाच्या मावशी जत्रेसाठी महिनाभर गावी होत्या. परतल्या त्या सकाळी बाल्कनी झाडायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "काका, हे काँग्रेस कशाला वाढवलंय?"

"मावशी, ते ब्रह्मकमळ आहे."

"शेतात उपटून उपटून हात सोलून निघालेत माझे. मला नका सांगू." मग त्यांची नजर बर्फाकडे गेली. "आणि बर्फ कशाला घालताय? त्याला मूत घातलं तरी वाढतं!"

काँग्रेस गवत. गाजर गवत. रेल्वेच्या रुळाकडेला, बंद पडलेल्या बांधकामावर, पुण्याच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर न विचारता येतं ते. बी पुडीतलं होतं की नर्सरीच्या मातीतलं, देव जाणे. त्या रात्री मी त्याची वंशावळ शोधत बसलो, आणि जे हाती लागलं त्यानं झोप उडाली. गाजर गवतही सूर्यफुलाच्याच कुळातलं. म्हणजे खऱ्या ब्रह्मकमळाचं भाऊबंद. आणि मूळ गाव अमेरिका खंडाच्या उष्ण भागात, मेक्सिकोकडे. म्हणजे काकूंच्या निवडुंगाचं गाववालं. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते भारतात शिरलं असं सांगतात, आणि १९५५-५६च्या सुमारास त्याची पहिली ठळक नोंद झाली ती कुठे? पुण्यात. कुळ हिमालयाचं, गाव मेक्सिकोचं आणि पत्ता आमचा. एवढं सगळं एकाच कुंडीत जमवायला मला फक्त २९९ रुपये आणि एक हिवाळा लागला.

मावशींनी हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवून तिन्ही रोपं फुलायच्या आत मुळासकट उपटली. चार दिवसांत शिंका थांबल्या. मधल्या कप्प्यात अंडी परत आली. आईला फोनवर मी "थंडी कमी पडली" एवढंच सांगितलं.

काकू जिन्यात भेटल्या. "कळलं मला," म्हणाल्या.

"तुम्ही तर तेव्हा छान आहे म्हणालात!"

"तेव्हाच ओळखलं होतं. माहेरी शेती आमची." पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "पण म्हटलं, दूध तरी घेऊ."

जूनमध्ये त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या झाडाचं एक पान पाठवलं. पान म्हणजे खोड, पण ते असो. त्याच कुंडीत खोचलं. बर्फ नाही, पंखा नाही. पंधरा दिवसांत त्यानं मुळं धरली.

यंदा काकूंकडे तेवीस फुलं आली. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होतो. कुणाचा तरी अमेरिकेहून आलेला जावई कुंडीजवळ जाऊन मोबाईलमध्ये डोकं घालून म्हणाला, "पण खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं ना? हे काहीतरी वेगळं आहे."

सगळी बाल्कनी माझ्याकडे वळली. काकू हातातला पेला माझ्यापुढे धरून वाट बघत होत्या.

"असेल बुवा," मी म्हटलं आणि पेला घेतला. वेलची जरा जास्त झाली होती. तेही बोललो नाही.