'स्पष्टवक्ता' यांना उत्तर : वेलणकरचे हात

'स्पष्टवक्ता' महोदय,

'अर्धसत्य' (१९८३) या चित्रपटावरच्या, त्यातल्या फौजदार वेलणकरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "वेलणकर व्यवस्थेचा बळी आहे. त्याला विकृत ठरवणं हा तुमच्या डोक्यातला कचरा. शेवटी तो शरण जातो ते कायदा मानतो म्हणून. एसीत बसून लिहिणाऱ्यांना पोलिसाचं जगणं काय कळणार?" मतभेद चालतील हो, पण 'कचरा'? ओळखपाळख नसलेल्या माणसाशी बोलायची ही कुठली रीत?

आधी तुम्ही दाखवलेली चूक कबूल करतो. मूळ कथा मी तेंडुलकरांच्या नावावर खपवली होती. कथा श्री. दा. पानवलकरांची, 'सूर्य', तेंडुलकरांची पटकथा. दुरुस्त केलंय. (हे सांगायला तीन उद्गारचिन्हं लागत नाहीत.)

आता एसी. कुर्ल्यातल्या आमच्या घरात एसी नाही, पंखासुद्धा तीनच्या पुढे नेला की खडखडतो. आणि वाढलो कुठे, तर नायगावच्या बीडीडी चाळीत, पोलिसांच्या खोल्यांत. वडील हवालदार. लॉकअपमध्ये कुणाला झोडपलं असलं की ते घरी आल्यावर आम्हाला न सांगता कळायचं. चिडलेले नसायचे. उलट खुशीत असायचे. येताना भजी आणायचे, आईची थट्टा करायचे. फक्त त्या रात्री देव्हाऱ्यासमोर उभे राहायचे नाहीत. आई निरांजन पुढे करायची, ते "राहू दे" म्हणून तोंड फिरवायचे. यांना काय म्हणाल? बळी? मला इतक्या वर्षांत शब्द सापडला नाही, आणि तुम्ही दोन ओळींत निकाल देऊन मोकळे!

म्हणून ट्रान्झिस्टर चोरणाऱ्या त्या भुरट्याचा प्रसंग मला तुमच्यासारखा बघता येत नाही. डाकू पकडल्याचं श्रेय दुसऱ्याने लाटलं, गुंड रामा शेट्टीचं कुणी काही वाकडं करत नाही, वेलणकर दारूच्या आहारी गेलाय, सगळं मान्य. त्यातून पहिला फटका समजतो. पण तो भुरटा मरेपर्यंत हात का थांबत नाही? आईला मारणारा बाप लहानपणापासून पाहिलेल्या वेलणकरला तो हात ओळखीचा असणार. त्या हाताला मारताना बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वेलणकर कुणाजवळ बोलून दाखवू शकत नाही, त्याची प्रेयसी ज्योत्स्नाजवळही नाही.

शरण जाण्याचं म्हणाल, तर कोठडीतला मृत्यू निस्तरायला हाच माणूस रामा शेट्टीच्या दारात गेला होता. कायद्यावरची श्रद्धा तेव्हा कुठे होती? शेट्टीचा गळा दाबल्यावर मात्र सरळ पोलीस ठाणं. गळ्यावरचे हात कुणाचे, ते त्याला तिथे दिसलं, असं मी लिहिलं होतं. त्या परिच्छेदापर्यंत तुम्ही पोचला होतात ना?

चित्रपटातल्या दिलीप चित्र्यांच्या कवितेबद्दल तुम्ही जे तारे तोडलेत, त्यावर वेळ घालवत नाही.

आणि हो, 'विकृत' हा शब्द माझ्या लेखात शोधून दाखवा. नाही सापडणार. तो तुमचा आहे, तुम्हीच मागे घ्या.