सिंहगडावर एकदा नको, दर रविवारी जा

मन थकलं की हल्ली पहिला उपाय सुचतो तो पॅकेजचा. चार रात्री, पाच दिवस, योगा, मसाज, मोबाईल जमा. परवडत असेल तर जरूर जा. पण आल्यावर आठवड्याभरात चेहरा पुन्हा होता तसाच झालेला मी बऱ्याच जणांचा पाहिलाय. म्हणून पुण्यातलं कुणी विचारलंच तर मी सिंहगडाच्या पायथ्याची आतकरवाडी सांगते. पहाटेची पीएमपीची बस पकडा, तिथून गड चढा, पायात धड बूट घाला आणि पुढच्या रविवारी परत या. खरा गुण त्या ‘परत या’मध्ये आहे.

चढ साधारण सहाशे मीटरचा, पण बराचसा अंगावर येणारा. सवय नसली तर दीड तास सहज लागतो आणि पहिल्या पंधरा मिनिटांत धाप लागून सगळा तोरा उतरतो. त्या दमात ऑफिसचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही. पावसाळ्यात धुकं, मे महिन्यात करवंदं, वर पोचल्यावर मडक्यातलं दही. हे सगळं छानच आहे, पण लोक टिकतात ते माणसांमुळे, असं माझं मत.

नेहमीचे लोक लांबूनच ओळखू येतात. कुणी हिमालयाच्या तयारीसाठी पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन चढतंय, कुणी सत्तरीतही घड्याळ लावून. “आज किती मिनिटांत?” हा इथला नमस्कार. (आकड्यांत थोडी भर-घट असते, पुणेकर आहोत.) एक काका बायको गेल्यावर सोसायटीत कुणाशी बोलेनासे झाले होते, इथे मात्र बोलायला लागले. समोरासमोर बसून “कसे आहात?” विचारलं की माणूस “मजेत” म्हणून मोकळा होतो. चढताना नजर पायाखालच्या दगडावर असते, मधे दम खायला थांबावंच लागतं, गप्प राहिलं तरी कुणाला खटकत नाही. मनातलं बाहेर यायला इतकं पुरतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा छळतो. त्यावर गड चढणं हे औषध आहे असा माझा दावा नाही. नैराश्य असेल तर डॉक्टरकडेच जा, “ट्रेक कर, बरं वाटेल” हा फुकटचा सल्ला कुणाला देऊ नका. पण जरा बरं असतानाच ओळखी करून ठेवल्या तर वाईट दिवसांत “रविवारी आला नाहीत?” विचारणारं कुणीतरी असतं. लोकमान्य टिळक उन्हाळ्यात विश्रांतीला इथेच येऊन राहत, त्यांचा बंगला अजून आहे. हवापालट लांबच असावा लागतो असं नाही.

गाडीने वर जाऊन, स्पीकर लावून, भजी खाऊन उतरणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

राहता राहिला बायकांचा रविवार. घरच्यांचा नाश्ता, धुणं, पाहुणे आटपून निघायचं तर ऊन डोक्यावर येतं. तो एक नाश्ता घरातल्या इतरांनी करावा, इतकी तरी मागणी घरात करा. आणि रोपवेची चर्चा करणाऱ्यांनी आधी पायथ्याला आणि वर बायकांसाठी पाणी असलेली, रोज धुतली जाणारी स्वच्छतागृहं द्यावीत. मैत्रिणींना “चल” म्हटलं की पहिला प्रश्न त्याचाच येतो.