लॉक फाइल उडवण्याबद्दल ‘रूटवाले’ यांना उत्तर

अ‍ॅप्ट म्हणजे डेबियन-उबुंटू या लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणारं साधन; दोघांनी एकाच वेळी काम करू नये म्हणून ते लॉक लावतं. त्यावरच्या ‘अ‍ॅप्ट अडकलं तर’ या माझ्या लेखाखाली ‘रूटवाले’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘एवढा निबंध कशाला? लॉक फाइल उडवा, पुन्हा इन्स्टॉल करा, दोन मिनिटांचं काम. बारा वर्षं हेच करतोय, एकही सर्व्हर मेला नाही. ज्यांनी प्रॉडक्शन पाहिलेलं नाही त्यांनी लोकांना घाबरवू नये.’ शिवाय फाइलचं नाव चुकलंय, बूटचं पार्टिशन भरण्याबद्दल काही नाही, आणि हे मराठीत लिहून फायदा कोणाचा, असेही तीन मुद्दे आहेत.

‘प्रॉडक्शन’, म्हणजे लोकांच्या रोजच्या वापरातले सर्व्हर, ‘पाहिलेलं नाही’ हे वाक्य मला लागलं, म्हणून आधी त्याबद्दल. मी पहिला सर्व्हर 2006 मध्ये उभा केला, डेबियनच्या सार्ज आवृत्तीवर. नेटचा वेग असा की पॅकेजं सीडीवरूनच घालायची, आणि एखादं अवलंबित पॅकेज पुढच्या सीडीवर निघालं की ती हाती येईपर्यंत काम बंद. तेव्हापासून पोटापाण्यासाठी हेच करतो आहे. पहाटे फोन वाजला की अजूनही आधी पोटात गोळा येतो आणि मग लॅपटॉप उघडतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे ठीक. पण ओळखत नसताना समोरच्याला काय येतं आणि काय येत नाही याचा निकाल देणं उद्धटपणाचं आहे. माझ्या लेखात चूक असेल तर ती दाखवा, मी ऐकेन. माझी लायकी काढायचं कारण नव्हतं.

चूक होती, आणि ती मान्य. लेखात मी फक्त ‘लॉक’ या फाइलचं नाव दिलं होतं. आताच्या डेबियन-उबुंटूवर संदेश येतो तो ‘लॉक-फ्रंटएंड’ फाइलचा. अ‍ॅप्ट एका कामात डीपीकेजीला (पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) अनेकदा हाक मारतं, त्यासाठी आतलं लॉक मधूनमधून सोडतं. त्या फटीत दुसरं कोणी घुसू नये म्हणून बाहेरचं लॉक ते शेवटपर्यंत धरून ठेवतं. लेखात दुरुस्ती केली आहे. धन्यवाद.

आता ‘लॉक फाइल उडवा’ हे वाक्य. ते सोडून देता येत नाही, कारण नवीन पोरं हेच वाचून कामाला लागतात.

ही फाइल म्हणजे लॉक नाही. ती तिथे कायमच असते, काहीही चालू नसतानाही. व्हार-लिब-डीपीकेजी या डिरेक्टरीत आत्ता जाऊन पाहा, दिसेल. लॉक असतं कर्नेलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे: प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, ती फाइल उघडून तिच्यावर हक्क सांगते आणि कर्नेल तो नोंदवतो. प्रोसेस संपली, मारली गेली, कोसळली, तरी कर्नेल तो हक्क त्याच क्षणी काढून घेतो. मशीन रीबूट झालं तरी तेच. ‘मागे राहून गेलेलं लॉक’ असा प्रकार इथे होत नाही. म्हणजे ‘लॉक मिळालं नाही’ असा संदेश आला, तर त्या क्षणी कोणीतरी जिवंत प्रोसेस ते धरून बसलेली आहे.

मग फाइल उडवल्यावर काय होतं? जुन्या प्रोसेसच्या हातातली फाइल तशीच राहते, तिला काही कळत नाही. तुमचं अ‍ॅप्ट त्याच नावाची नवी फाइल तयार करतं, तिचा आयनोड (डिस्कवरचा ओळख क्रमांक) वेगळा, आणि त्या नव्या फाइलवर लॉक सहज मिळतं. आता दोन डीपीकेजी एकाच वेळी चालू आहेत. दोघांनी पॅकेजांची सगळी नोंद आपापल्या वेळी वाचून मेमरीत ठेवलेली आहे आणि काम झाल्यावर दोघंही ती पूर्ण नोंद परत लिहिणार. एकाच खतावणीवर दोन कारकून बसवले, दोघांनी सकाळी आपापली नक्कल काढली आणि संध्याकाळी जो उशिरा आला त्याची नक्कल खरी ठरली, असा हा प्रकार आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. दिवाळी अंकांच्या दिवसांत पुण्यातल्या एका छापखान्याचा उबुंटू 18.04 चा सर्व्हर माझ्याकडे होता. सकाळी साडेसहाला मला पीडीएफसाठी एक छोटं पॅकेज घालायचं होतं, लॉकचा संदेश आला, आणि मी तुम्ही सांगता तेच केलं. पॅकेज बसलं. दोन मिनिटांतच बसलं. त्याच वेळी मागे अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट बसवणारा प्रोग्रॅम) डेटाबेसचं सुरक्षा अपडेट बसवत होतं, त्याची वेळच सकाळी सहा ते सातची असते. दहा वाजता छापखान्यातून फोन आला की ऑर्डरी उघडत नाहीत. डेटाबेसच्या फाइली नव्या, नोंद जुनी, पॅकेज अर्धवट कॉन्फिगर झालेलं आणि सर्व्हिस बंद. व्हार-बॅकअप्समध्ये नोंदीची रोजची प्रत ठेवली जाते, ती आदल्या दिवसाची प्रत परत आणली, एकेक पॅकेज पुन्हा बसवलं, तेव्हा संध्याकाळ झाली होती. मालकांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मशीनजवळ नुसतेच बसलेले कामगार मात्र मला अजून दिसतात. ‘दोन मिनिटांचं काम’ हे शब्द वाचून माझा आवाज चढतो तो त्यामुळे.

मग करायचं काय? फ्यूझर किंवा एलएसओएफ या आदेशांनी (फाइल कोणी उघडली आहे ते हे दाखवतात) बघा लॉक कोणाकडे आहे. नव्या अ‍ॅप्टच्या संदेशात तर प्रोसेसचा क्रमांक आणि नाव छापूनच येतं, ते वाचायचे कष्ट घ्या. अनअटेंडेड-अपग्रेड्स असेल तर थांबा. उबुंटू 20.04 पासून अ‍ॅप्टला लॉकसाठी किती सेकंद थांबायचं ते टाइमआउट देऊन सांगता येतं, स्क्रिप्टमध्ये तेच वापरा. पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या टीमक्स सेशनमध्ये (मागे चालू राहिलेल्या टर्मिनलमध्ये) कॉन्फिगरेशनची निळी चौकट उघडी असते आणि ‘जुनी फाइल ठेवू की नवी’ याचं उत्तर कोणी दिलेलंच नसतं. 22.04 वर कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या हे विचारणारी खिडकी हाच घोळ घालते. तिथे जाऊन उत्तर द्या. प्रोसेस खरोखरच मेल्यासारखी असेल तर तिला आधी साध्या किल आदेशाने जायला सांगा, मग डीपीकेजीला ‘कॉन्फिगर-ए’ देऊन अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करा, आणि मगच तुटलेली अवलंबित्वं दुरुस्त करणारं अ‍ॅप्टचं फिक्स-ब्रोकन. या सगळ्यात फाइल उडवण्याची पायरी कुठेच येत नाही. लॉक रिकामं असेल तर ती निरर्थक आहे आणि भरलेलं असेल तर घातक आहे.

तुमच्या बारा वर्षांत काही बिघडलं नाही, यावर माझा विश्वास आहे. तुम्ही फाइल शोधून उडवेपर्यंत मागचं काम बहुतेक वेळा आटपलेलं असणार. तेवढ्यावर इतरांना सल्ला देऊ नका.

बूटचं पार्टिशन भरणं हा वेगळा विषय आहे, या लेखाचा नव्हता. मराठीबद्दल मी वाद घालणार नाही. ज्यांना इंग्रजीत वाचायचं आहे त्यांनी वाचावं, मी इथे मराठीत लिहितो आणि लिहीत राहणार.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. एक विनंती: ज्या सर्व्हरवर तुम्ही बारा वर्षं फाइली उडवल्यात, त्यातल्या जुन्यात जुन्यावर डीपीकेजीचं ऑडिट एकदा चालवा. अर्धवट पॅकेजं असतील तर ते त्यांची यादी देतं, नसतील तर काहीच छापत नाही. काहीच छापलं नाही तर इथे कळवा, मी ते मूळ लेखात तुमच्या नावाने नोंदवेन.