साचा भरला म्हणून रस थांबत नाही

फाउंड्रीवाल्यांच्या (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे: ‘साचा भरला की रस स्थिर होतो. पुढची सूक्ष्मरचना फक्त थंड होण्याच्या वेगावर ठरते. रस हललाच, तर दाणे बारीक होतात, म्हणजे फायदाच.’ रस म्हणजे वितळलेला धातू, दाणे म्हणजे गोठलेल्या धातूतले स्फटिक, सूक्ष्मरचना म्हणजे त्यांची सूक्ष्मदर्शकात दिसणारी मांडणी. नव्याने कामाला लागलेली मुलं हे पाठ करतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

रस स्थिर होत नाही. भिंतीलगतचा रस थंड होऊन जड होतो आणि खाली उतरतो, मधला गरम रस वर चढतो. शिवाय ॲल्युमिनियम गोठताना आकारमानात साधारण 6 टक्के आटतं. ती जागा भरायला उरलेला रस डेंड्राइटच्या (झाडासारखे फांद्या फुटत वाढणाऱ्या स्फटिकांच्या) फांद्यांमधून ओढला जातो. हे तर गुरुत्वाकर्षण नसलं तरी चालूच राहतं.

‘फक्त थंड होण्याचा वेग’ हा खरा घोळ. फांद्यांमधलं अंतर बऱ्याच अंशी त्यावर ठरतं, मान्य. चिल (उष्णता पटकन ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावून ते कमी करता येतं. पण ॲल्युमिनियममध्ये मिसळलेलं सिलिकॉन, तांबं शेवटी कुठे साठणार, हे त्यावरून कळत नाही. रसात नुसत्या विसरणाने (अणूंच्या आपोआप पसरण्याने) 1 सेंटिमीटर सरकायला त्यांना कित्येक तास लागतात. सेकंदाला 1 मिलिमीटर वाहणारा रस त्यांना 10 सेकंदांत तिथे पोचवतो. अंतराळ स्थानकावरच्या ‘मायकास्ट’ प्रयोगांत ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या कांड्यांचा एक भाग प्रवाहाविना गोठवला, दुसरा फिरत्या चुंबकीय क्षेत्राने ढवळत. ढवळलेल्या भागात सिलिकॉन मध्याकडे गोळा झालं.

विमान-इंजिनांच्या निकेल मिश्रधातूच्या पात्यांत तर हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. टंगस्टन, रेनियम आधी गोठणाऱ्या फांद्यांत अडकतात. फांद्यांमधला रस त्यामुळे हलका होऊन वर उसळतो आणि वाटेतल्या फांद्या वितळवून तोडतो. पातं ॲसिडने एच केलं (पृष्ठभाग हलकासा खाऊ दिला) की बारीक दाण्यांची उभी रांग उमटते: फ्रेकल. एकस्फटिकी (अख्खं एकाच दाण्याचं असलेल्या) पात्यात ती निघाली की पातं बाद.

म्हणजे दाणे बारीक झाले आणि माल भंगारात गेला. पोस्टमधला ‘फायदाच’ इथेच कोसळतो. स्टीलच्या कंटिन्युअस कास्टिंगमध्ये (रस सलग ओतत लांब तुकडा गोठवत नेण्याच्या पद्धतीत) विद्युत-चुंबकीय ढवळणी उपयोगी पडते, नक्कीच. तुटलेल्या फांद्यांतून नवे दाणे उगवतात, मधोमध साठणारं कार्बन-सल्फर कमी होतं. पण जोर वाढवला की तोच प्रवाह गोठणाऱ्या थरातला कार्बन-सल्फर धुऊन नेतो, आणि एच केलेल्या कापावर पांढरा पट्टा दिसतो.